'प्लेट'ला 'ठसा' म्हणावं का?

प्रश्न: ऑफसेट छपाईवरचा एक मजकूर मराठीत आणतो आहे. 'प्लेट'साठी 'ठसा' चालेल का? आणि वाइप-ऑन, पीएस, सीटीपी या प्रकारांना काय म्हणू?

उत्तर: 'ठसा' कृपा करून नको. ठसा म्हटला की उठाव आला. खिळ्यांच्या छपाईत तो शब्द चपखल होता, कारण अक्षर वर आलेलं आणि शाई तेवढ्यालाच. ऑफसेटच्या प्लेटवरून बोट फिरवून बघा, अक्षर हाताला लागतच नाही. कोरा भाग पाणी धरतो, मजकुराचा भाग तेलकट शाई धरतो, सगळी करामत एवढीच. शिवाय ठशावरचं अक्षर उलटं, प्लेटवरचं मात्र सुलटं, सरळ वाचता येणारं. प्लेट कागदाला शिवत नाही. ती रबरी ब्लँकेटवर उमटते, तिथे अक्षर उलटं होतं आणि कागदावर परत सुलटं.

हिचं खरं कूळ शिळाछापाचं. सेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास जर्मनीतल्या बव्हेरियात चुनखडीच्या दगडावर हीच तेल-पाण्याची युक्ती साधली. मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजींनी १८४१ मध्ये छापलेलं पंचांग शिळाछापाचंच. पुढे दगडाच्या जागी जस्ताचा आणि मग अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आला. म्हणून कोणी 'पत्रा' सुचवेल, पण प्रेसमध्ये पत्रा म्हणजे काम संपून किलोवर भंगारात निघालेली प्लेट. मशीनवर चढते ती प्लेटच.

आता प्रकार. 'वाइप-ऑन' म्हणजे दाणेदार पत्र्यावर प्रेसमध्येच स्पंजाने उजेडाला दाद देणाऱ्या रसायनाचा लेप पुसून चढवायचा. हा दाणा पाडायला जुन्या काळी परातीसारख्या मोठ्या तबकात प्लेट ठेवत, वर वाळू, पाणी आणि गोट्या, आणि तबक हलत राहायचं. तो खडखडाट ऐकलेला माणूस 'ग्रेनिंग' हा शब्द विसरणार नाही. झिजलेली प्लेट पुन्हा ग्रेनिंगला जाई आणि नव्याने कामाला येई. 'पीएस' म्हणजे 'प्रीसेन्सिटाइज्ड', तिच्यावर हा लेप कारखान्यातूनच आलेला असतो, म्हणून तुमच्या मजकुरात एकदा 'तयार लेपाची प्लेट' असं सांगा आणि पुढे पीएसच लिहा.

प्रश्न: मग पॉझिटिव आणि निगेटिव?

उत्तर: ते नाव फिल्मवरून पडलं आहे. मजकुराची पारदर्शक फिल्म प्लेटवर ठेवून उजेड देतात. पॉझिटिव प्लेटवर उजेड लागलेला लेप धुऊन जातो, निगेटिववर उजेड लागलेलाच घट्ट होऊन राहतो. 'धन' आणि 'ऋण' लिहाल तर वाचकाला विजेची आठवण होईल, ते टाळा.

सीटीपीबद्दल, म्हणजे 'कॉम्प्युटर-टू-प्लेट'बद्दल, मात्र काळजी घ्या. तो प्लेटचा प्रकार नाही, प्लेट करण्याची रीत आहे. मधली फिल्म गेली, संगणकावरचं पान लेसरने थेट प्लेटवर. प्रकार त्याच्या आत आहेत: थर्मल, ८३० नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरला दाद देणारी, आणि व्हायोलेट, ४०५ नॅनोमीटरची. 'सीटीपी प्लेट' बोलताना खपतं, पण लिहिताना 'सीटीपीची थर्मल प्लेट' असं पूर्ण लिहिलेलं बरं.

आणि अनेकवचन 'प्लेटा' लिहा. चार रंगांच्या चार प्लेटा, हेच आम्ही रोज बोलतो.