मदत हवी आहे: क्रॉफिशची पोती आता घ्यावीत की थांबावे?

नमस्कार मंडळी. आम्ही ह्यूस्टनला राहतो आणि दरवर्षी वसंतात अंगणात मोठे पातेले चढवून, मका व बटाट्यांसह क्रॉफिश (आपल्या शेवंडाचा गोड्या पाण्यातला धाकटा भाऊ) उकडून पंचवीसेक जणांना जेवू घालतो.

यंदा, म्हणजे 2024 मध्ये, गणित बिघडले आहे. 2023 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लुइझियाना राज्यात (आमच्याकडे माल तिथूनच येतो) कडक उष्मा आणि दुष्काळ पडल्याने भातखाचरांच्या मातीत बिळे करून राहिलेल्या कित्येक माद्या ओल सुकून तिथेच मेल्या आणि शरदात खाचरे पाण्याने भरली तेव्हा पिल्ले फारशी बाहेर आलीच नाहीत. तिथले गव्हर्नर जेफ लँड्री यांनी मार्चमध्ये आपत्ती जाहीर केली, यावरून नुकसानीचा अंदाज यावा. आमच्या नेहमीच्या दुकानदाराने गेल्या वर्षीच्या दुप्पट दर सांगितला, आणि पोत्याचे तोंड सोडून दाखवले तर आत बोटभर लांबीचाच माल होता. शेपटीचे मांस एरवीही वजनाच्या जेमतेम 15 टक्के निघते. मग एवढ्या बारक्या मालात पाहुण्यांच्या ताटात काय पडणार?

एप्रिलअखेर आवक वाढून दर उतरतील, या भरवशावर बेत पुढे ढकलावा का? लुइझियानात राहणाऱ्यांपैकी कोणी थेट शेतकऱ्याकडून पोती आणतात का, आणि तीन-चार तासांच्या प्रवासात ती जिवंत कशी ठेवतात? गोठवलेले चिनी मांस स्वस्त पडते हे ठाऊक आहे, पण सोलून खाण्याची मजाच त्यात नाही.