दृष्टिभ्रम : हा भ्रम की भास?

एका विज्ञानलेखाचं भाषांतर करते आहे. सरळ रेषा वाकड्या दिसणं, कागदावरचं चित्र हलल्यासारखं वाटणं, असा विषय आहे, आणि 'मेंदू फसतो' हे शब्द त्यात वारंवार येतात. कोशात 'दृष्टिभ्रम' मिळाला आणि मी तो सगळीकडे घातला. पण एका ठिकाणी अडले. म्युलर-लायरची १८८९ची प्रसिद्ध आकृती आहे ना, दोन सारख्या रेषा, एकीच्या टोकांची पाती आत वळलेली आणि दुसरीची बाहेर उघडलेली? त्यातली दुसरी लांब दिसते. मी फुटपट्टीने मोजली, दोन्ही सारख्या निघाल्या, तरी दुसरी लांबच दिसते. आता मला खरं काय ते ठाऊक आहे, मग याला 'भ्रम' कसं म्हणू? आणि दृष्टीभ्रम की दृष्टिभ्रम?

—

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दृष्टिभ्रम, ष्टि ऱ्हस्व. सुटा शब्द 'दृष्टी' असा दीर्घ लिहितो, पण समासात तत्सम शब्द पहिला आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो. दृष्टिकोनसारखंच. 'दृग्भ्रम'ही चालेल, पण वाचणाऱ्याला ठेच लागेल.

—

पहिला प्रश्न फार चांगला आहे. दोन्ही शब्दांची मुळं पाहा. 'भ्रम्' म्हणजे फिरणं, भटकणं. भ्रमण, भ्रमंती, भोवरा, भोवळ ही सगळी त्याच घरातली. भ्रमात फिरतं ते पाहणाऱ्याचं डोकं. 'भास्' म्हणजे चमकणं, प्रकट होणं. भास्कर त्यातूनच आला. भास म्हणजे जे समोर दिसतं ते, मग तुम्ही त्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. म्हणून 'मला भास झाला' म्हणणारा माणूस बहुधा सावध झालेला असतो. 'मी भ्रमात होतो' हे मात्र भ्रम गेल्यावरच म्हणता येतं.

तुमच्या रेषांच्या बाबतीत फुटपट्टी लावताच भ्रम गेला, भास मात्र जागचा हलला नाही. भ्रमाचा भोपळा फुटतो, भासाचा फुटत नाही.

—

वरच्या प्रतिसादाला जोड. वेदान्त्यांनी हा भेद केव्हाच करून ठेवला आहे. दोरीवर साप दिसला, दिवा आणला, साप गेला. हा निरुपाधिक भ्रम. स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवली की स्फटिक लाल दिसतो, आणि तो लाल नाही हे कळल्यावरही फूल हलवेपर्यंत लालच दिसत राहतो. हा सोपाधिक भ्रम. म्युलर-लायरची पाती हीच इथली जास्वंद. ती पुसा, रेषा लगेच सारख्या दिसतील. म्हणजे शास्त्राच्या भाषेत 'भ्रम' शब्द दोन्हींना चालतो. बोलीत मात्र मीही 'भास'च म्हणेन.

—

लेखात मृगजळही याच यादीत टाकलंय का? टाकलं असेल तर काढा. मृगजळाचा फोटो येतो. जमिनीलगतची हवा तापून विरळ होते, प्रकाश वाकतो आणि आकाशाचा तुकडा जमिनीवर दिसतो. कॅमेऱ्यालाही तेच दिसतं, तिथे मेंदूने काही केलेलं नसतं. चूक झालीच तर त्याला पाणी समजण्यात होते.

क्षितिजाजवळचा मोठा चंद्र याच्या अगदी उलट. तो वर असो की खाली, आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो आणि फोटोत दोन्हीकडे सारखाच येतो. मोठा करतो तो आपला मेंदू. कॅमेरा फसतो का, ही माझी कसोटी.

—

'मेंदू फसतो' या क्रियापदावरच माझा आक्षेप आहे. एडवर्ड अ‍ॅडल्सनचा १९९५चा बुद्धिबळाचा पट पाहा. उजेडातला काळा चौकोन आणि सावलीतला पांढरा चौकोन, दोन्हींचा करडा रंग छापताना अगदी एकच, पण दिसताना एक गडद आणि एक फिका. कारण मेंदू सावली वजा करतो. त्याला डोळ्यात किती उजेड शिरला याचं देणंघेणं नसतं, वस्तू कोणत्या रंगाची आहे हे हवं असतं. रोजच्या व्यवहारात हाच हिशेब बरोबर येतो, म्हणून संध्याकाळच्या सावलीतही पांढरा कागद पांढरा दिसतो. याला फसणं म्हणायचं?

—

मग काय म्हणायचं? 'नजर चुकली' म्हणावं तर 'नजरचूक' म्हणजे अनवधान. 'नजर चुकवणे' तर भलतंच. 'नजरबंदी' करायला जादूगार लागतो, इथे कोणीच काही करत नाहीये.

—

'मेंदूचा अंदाज' म्हणा. साधं आहे आणि खरंही आहे. डोळ्यातल्या पडद्यावरची प्रतिमा सपाट, जग खोल; अंदाजाशिवाय चालणारच नाही. प्रत्येक डोळ्यात जिथून चेतातंतू बाहेर पडतो तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, तरी आपल्याला जगात भोक दिसत नाही.

—

थोडं अवांतर. काहीच समोर नसताना दिसतं, त्याला मानसशास्त्राच्या पुस्तकांत 'निर्वस्तुभ्रम' म्हणतात. जड असला तरी नेमका शब्द आहे. 'विभ्रम'ही वापरतात, पण कवितेतले विभ्रम म्हणजे नायिकेचे लटके नखरे, त्यामुळे वाचताना हसू येतं.

आणि भोवळीवरून आठवलं. १८३४मध्ये रॉबर्ट अ‍ॅडम्स स्कॉटलंडमधला एक धबधबा एकटक पाहत होता. नजर बाजूच्या खडकांवर वळवली, तर खडक वर सरकताना दिसले. खालच्या दिशेची गती टिपणाऱ्या पेशी थकल्या की वरच्या दिशेच्या पेशींचं पारडं जड होतं, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. इथे 'भ्रम' मुळाच्या अर्थानेही शोभतो, दगडच भ्रमण करतात!

—

सगळ्यांचे आभार. मथळ्यात 'दृष्टिभ्रम' ठेवते, वाचक तोच शब्द शोधतील. रेषांच्या वाक्यात 'मोजल्यावरही भास कायम राहतो' असं केलं. मृगजळ खरोखरच यादीत होतं, त्याबद्दल लेखकाला कळवलंय. 'मेंदू फसतो' अकरा ठिकाणी निघालं. सात बदलले, चार ठिकाणी दुसरं काही बसेना.