विषबाधा झाली की नागपुरात सूत्रं एकाच्याच हाती हवीत का?

वर्धारोडकर
दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, ताजबागेत उर्स भरतो, गणपतीत गल्लोगल्ली महाप्रसाद असतो. अशा शहरात एका पंगतीतल्या पन्नास जणांना एकदम उलट्या सुरू झाल्या तर हुकूम कुणाचा चालणार? अन्न एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन), पाणी महापालिकेकडे, तक्रार पोलिसांत, आणि रुग्ण मेडिकल, मेयो, एम्स या सरकारी रुग्णालयांत नि खासगी दवाखान्यांत विखुरलेले. हद्दीबाहेर घडलं तर जिल्हा परिषदेचं आरोग्य खातं वेगळंच.

माझं मत, अशा वेळी सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे असावीत. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. पहिला फोन आला की सगळ्या खात्यांना एकदमच कळलं पाहिजे.

आमच्या नात्यातल्या एका लग्नात हे घडलं. नमुना घ्यायला माणूस आला तोवर पातेली घासून पालथी घातलेली. मठ्ठ्याचा थेंब उरला नव्हता. कशानं झालं ते आजही कळलेलं नाही.

सक्करदराकर
साफ असहमत. अन्न सुरक्षा कायदा 2006 वाचा. कलम 38 खाली अन्न सुरक्षा अधिकारी जागेवरच माल जप्त करू शकतो, कलम 34 खाली अन्न सुरक्षा आयुक्त तातडीची बंदी घालू शकतात. अधिकार भरपूर आहेत, रात्री निघायला माणूस आणि गाडी हवी. ती द्यायची सोडून जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर आणखी एक समिती कशाला? निवडणूक, पूर, पीकविमा, सगळं तिथंच जातं. मग पातेल्याला सील ठोकायलाही बैठकीची वाट बघायची.

ओपीडीतून
मी डॉक्टर आहे. तुम्ही दोघंही मांडवातच अडकलात. स्टॅफिलोकोकस या जंतूचं विष पोटात गेलं तर एक ते सहा तासांत उलट्या होतात, म्हणजे माणसं जवळपासच सापडतात. साल्मोनेला या जंतूला मात्र सहा तासांपासून तीन दिवसही लागतात. तोवर दीक्षाभूमीवर जेवलेला माणूस रेल्वेनं चंद्रपूर नाहीतर नांदेडला पोहोचलेला असतो. तिथल्या डॉक्टरसमोर एकच रुग्ण असतो. सलाईन, अँटिबायोटिक, सुट्टी. अँटिबायोटिकच्या आधी शौचाचा नमुना घेतला नाही तर पुढं जंतू सापडणं अवघड जातं. चार जिल्ह्यांतले चार रुग्ण एकाच पंगतीतले आहेत, हे कुणीतरी जोडलं पाहिजे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 35 नुसार डॉक्टरांना विषबाधा कळवणं बंधनकारक करता येतं. माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं कलम तेच.

विष कोणतं ते लवकर कळणं हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. 2013 साली बिहारमध्ये छपऱ्याजवळ शाळेतल्या जेवणानं 23 मुलं गेली. त्यात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. त्यावर अ‍ॅट्रोपिन हे औषध लागतं, नुसत्या सलाईननं भागत नाही.

पंगतवाला
मी केटरिंग करतो. राजेहो, पाच खात्यांचे साहेब येऊन राहिले की पहिले धरतात आमच्या स्वयंपाक्याले. पाणी कुठलं, खवा कोणाचा, कोणी इचारत नाही. मी हरेक पदार्थाचा डबा तारीख टाकून दोन दिवस फ्रीजमधी ठेवतो. तो कोणाले द्यायचा, एवढं तरी सांगा.

सक्करदराकर
हेच ते. घाईत दोषी ठरवलं की काय होतं ते जर्मनीत 2011 ला दिसलं. ई. कोलाय या जंतूची साथ होती, हॅम्बुर्गच्या आरोग्य खात्यानं स्पेनच्या काकडीवर बोट ठेवलं. शेतकऱ्यांचा माल सडला. कारण निघालं मोड आलेल्या मेथीत.

वर्धारोडकर
पण ते सुटलं कसं? जूनच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये केंद्र नि राज्यांचे तज्ज्ञ एका टास्क फोर्समध्ये बसवले. रुग्ण कुठं काय जेवले आणि माल कुठून आला, या दोन याद्या एकत्र ताडून पाहिल्या. 10 जूनला मोडांविरुद्ध इशारा निघाला. काकडीचं नाव एका शहरानं आधीच जाहीर केलं होतं. मी म्हणतोय ते हेच: जाहीर करणारा एकच असावा.

सक्करदराकर
जाहीर एकानंच करावं, मान्य. पण तो अन्न सुरक्षेचा माणूस असावा, महसूल खात्याचा नको. आणि पंगतवाले भाऊ, डबा अन्न सुरक्षा अधिकाऱ्यालाच द्या, पंचनामा करून, सील लावून. पावती घेतल्याशिवाय हातातून सोडू नका.