टॉवेलातलं आणि साखरेतलं पाणी

पाणी वाचवायचं तर नळ वाहता ठेवू नका, बादलीने अंघोळ करा, एवढं केलं तरी पुष्कळ, असं अनेकजण म्हणतात. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे ते आपण तसंही करतोच. पण अंघोळीनंतर हातात घेतो त्या टॉवेलाचं काय? सुती कापडाला किलोमागे जागतिक सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी लागतं. म्हणजे ४०० ग्रॅमच्या टॉवेलात ४,००० लिटर, वीस लिटरच्या २०० बादल्या! यातलं बहुतेक पाणी कापसाच्या शेतातलं. आपल्या सोलापुरी टॉवेल-चादरींचा कापूस मुख्यतः बाहेरून येतो, म्हणजे ते पाणी दुसऱ्याच कुणाच्या तरी शिवारातलं असतं.

साखरेचं उलट. तिच्या पोत्यांतून आपल्या उसाला दिलेलं उजनी धरणाचं पाणी जिल्ह्याबाहेर जातं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

फक्त आकडे पाहू नका, ही कळकळीची विनंती. जागतिक सरासरीत किलोभर ज्वारीला सुमारे ३,००० लिटर लागतात, साखरेला १,८०० च्या आसपास. म्हणून ज्वारी उधळी ठरते का? मुळीच नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी परतीच्या पावसानंतर काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते. ऊस मात्र वर्षभर कालव्याचं नाहीतर बोअरचं पाणी पितो. किती पाणी लागलं याच्या जोडीला ते पावसाचं की उपशाचं, हेही शाळांतून मुलांना सांगायला हवं. घरापुरतं म्हणाल तर टॉवेल विरेपर्यंत वापरा, मग त्याचंच फडकं करा.