स्की-दिवशी मुलीला घरी ठेवू नका
ताई, मुलीला स्की येत नाही म्हणून शाळेच्या स्की-दिवशी तिला घरीच ठेवायचं म्हणताय. कृपया असं करू नका! नॉर्वेत शाळेच्या वेळेतल्या सहलीचे पैसे सरकारी शाळा पालकांकडून घेऊ शकत नाहीत, आणि 'बुआ' या खेळाचं साहित्य उसनं देणाऱ्या संस्थेच्या केंद्रांतून स्की, बूट, हेल्मेट फुकट वापरायला मिळतात. स्की नकोच असेल तर बर्फावरच्या घसरगाडीचं शिक्षकांना आधी विचारून ठेवा.

खरी काळजी कपड्यांची घ्या. अंगालगत सुती काही अजिबात नको, घामानं ओलं झालं की तेच अंग गार करतं. आतून लोकरीचे कपडे, वर वारा अडवणारं जाकीट, दप्तरात हातमोज्यांचा जादा जोड. डब्यात संत्रं द्याच, इकडे बर्फातल्या सहलीला ते लागतंच. आमच्या मुलाचे लहान झालेले लोकरी कपडे आहेत, हवे असतील तर कळवा.