मदत हवी आहे: गॅलरीच्या पानावर पहिल्या आकृतीनंतरच्या आकृत्या येत नाहीत

नमस्कार मंडळी,

मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या पायथन लायब्ररीच्या उदाहरणांच्या गॅलरीसाठी पहिल्यांदाच काही लिहितोय आणि दोन दिवस एकाच जागी अडकलोय. पायथन रोजच्या वापरात आहे, उदाहरणांच्या फाइलींपासून गॅलरीची पानं बनवणारी स्फिंक्स-गॅलरी मात्र नवीन आहे.

उदाहरण विहिरीच्या पाण्याचं आहे. आपल्याकडे पाणी जमिनीपासून किती मीटर खाली आहे ते मोजतात. तो आकडा नेहमीसारखा आलेखावर टाकला तर पाऊस पडल्यावर रेघ खाली येते आणि मे महिन्यात वर चढते. बघणाऱ्याचा पार उलटा समज होतो. उभा अक्ष उलटवायला 'इन्व्हर्ट_वायअ‍ॅक्सिस' ही एकच ओळ पुरते, पण ती का लागते हे शिकणाऱ्याला दिसायला हवं असं मला मनापासून वाटतं. म्हणून फाइलचे तीन तुकडे केलेत: आधी चुकीचा दिसणारा आलेख, मग अक्ष उलटवलेला, मग 'ट्विनएक्स' (त्याच आडव्या अक्षावर दुसरा उभा अक्ष) वापरून त्यावरच पावसाचे स्तंभ. प्रत्येक तुकड्याआधी हॅश आणि दोन टक्क्यांची खूण असलेली ओळ आहे, तिच्याखाली स्पष्टीकरण.

टर्मिनलवर फाइल चालवली की आलेख अगदी हवा तसा येतो. पण डॉक्युमेंटेशन बिल्ड केल्यावर, म्हणजे फाइलींपासून वेबपानं तयार केल्यावर, पानावर पहिल्या तुकड्याखाली आकृती आहे, दुसऱ्याखाली काहीच नाही, आणि तिसऱ्याखाली नुसती रिकामी चौकट. दोन्ही अक्षांवर शून्य ते एक, आणि डाव्या कडेला पावसाचं लेबल. एरर कुठेच नाही.

आणखी एक. दुसऱ्या तुकड्याचं अर्धं स्पष्टीकरण मजकूर म्हणून दिसतंय आणि उरलेलं अर्धं खाली कोडच्या चौकटीत, हॅशसकट.

(लेबलं इंग्रजीत ठेवली आहेत. डेजाव्हू सान्स या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही, अक्षरांऐवजी चौकोन येतात.)

प्रतिसाद १

तुमचा कोड बरोबर आहे. स्फिंक्स-गॅलरी फाइल तुकड्यातुकड्यानं चालवते. एक तुकडा संपला की तेव्हा उघड्या असलेल्या सगळ्या आकृत्या चित्र म्हणून साठवते आणि बंद करून टाकते. दुसऱ्या तुकड्यात तुमचा 'एएक्स' (आलेखाचे अक्ष धरून ठेवणारा व्हेरिएबल) जिवंतच असतो, अक्ष उलटतोही, म्हणून एरर येत नाही. पण ती आकृती आता पायप्लॉटच्या (मॅटप्लॉटलिबचा उघड्या आकृत्या सांभाळणारा भाग) यादीत नाही, त्यामुळे साठवायला काही सापडत नाही.

रिकामी चौकट कुठून आली तेही सांगतो. पावसाचं लेबल तुम्ही 'पीएलटी डॉट वायलेबल' असं दिलं असणार. 'पीएलटी' म्हणजे पायप्लॉटच. तो चालू आकृती शोधतो, ती नसली तर नवी कोरी उघडतो, आणि लेबल तिच्यावर जाऊन बसतं. टर्मिनलवर आकृती बंद झालेलीच नसते, म्हणून तिथे हे कळत नाही. 'सेट_वायलेबल' थेट त्या अक्षावर वापरा.

उपाय म्हणजे प्रत्येक तुकड्यात 'सबप्लॉट्स'पासून (नवी आकृती उघडणारी ओळ) आकृती पुन्हा काढायची. मॅटप्लॉटलिबच्या 'लाइफसायकल ऑफ अ प्लॉट' या ट्युटोरियलमध्ये हेच केलंय. त्याच ओळी पुन्हापुन्हा येतात आणि दरवेळी एखाददुसरी नवी.

प्रतिसाद २

मजकूर अर्धा का तुटतो ते सांगतो. मध्ये कुठेतरी हॅश नसलेली मोकळी ओळ राहिली असेल. पहिली बिनहॅशची ओळ आली की मजकूर संपला असं धरलं जातं. परिच्छेद बदलायचा असेल तर त्या ओळीवर नुसता हॅश ठेवा.

विहिरीचे आकडे कुठून घेताय? नेटवरून डेटा ओढू नका, उदाहरण स्वयंपूर्ण हवं. रँडम आकडे घेतलेत तर सीड (रँडम आकड्यांची ठरवून दिलेली सुरुवात) ठेवा, नाहीतर प्रत्येक बिल्डमध्ये आकृती वेगळी येईल. गॅलरीत जागोजागी 19680801 हा सीड दिसेल. मॅटप्लॉटलिब सुरू करणाऱ्या जॉन हंटर यांची ती जन्मतारीख, 1 ऑगस्ट 1968. ते 2012 मध्ये गेले. तो आकडा टाइप करताना मी दरवेळी क्षणभर थांबतो.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. मोकळी ओळ होतीच, आणि लेबलही 'पीएलटी'नंच दिलं होतं.

एक शंका. त्याच दहा ओळी तीनदा लिहिण्याऐवजी फंक्शन केलं तर? वरच्या तुकड्यात एकदा लिहायचं, खाली नुसतं बोलवायचं.

प्रतिसाद १

स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये करा, इथे नको. वाचक शोधत येतो, मधला एक तुकडा उचलतो आणि आपल्या फाइलमध्ये चिकटवतो. फंक्शन वर राहिलं तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. शिवाय तुम्हाला जी ओळ दाखवायची आहे तीच फंक्शनच्या पोटात दडते.

शेवटी वापरलेल्या फंक्शनांची यादी जरूर द्या. म्हणजे 'इन्व्हर्ट_वायअ‍ॅक्सिस'च्या पानाखाली तुमचं उदाहरण छोट्या चित्रासह दिसेल. अडलेला माणूस बहुतेक तिथूनच येतो.

धागालेखक

ओळी पुन्हा लिहून बिल्ड केलं. तिन्ही आकृत्या आल्या! तिसरीत जूनचे स्तंभ उभे राहतात आणि त्यांच्या मागोमाग पाण्याची रेघ वर सरकते, हेच दाखवायचं होतं.

फक्त गॅलरीच्या मुख्य पानावर छोटं चित्र पहिल्या आकृतीचं आलं होतं, म्हणजे नेमकं चुकीच्या दिसणाऱ्या आलेखाचं. 'स्फिंक्स_गॅलरी_थंबनेल_नंबर' तीन केला, आता बरोबर दिसतंय. पुल रिक्वेस्ट (उदाहरण स्वीकारण्याची विनंती) आज रात्री टाकतो.