पणजोबांची पलटण कशी शोधायची?

प्रश्न: पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होते. घरात फक्त एक पदक उरलंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: पदकाची कड भिंगातून बघा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण तिथेच कोरलेली असते. घासूनपुसून चकचकीत मात्र करू नका, अक्षरं झिजतात.

उत्तर २: ११० मराठा निघाली तर कूतचा (मेसोपोटेमियातलं गाव, तिथे तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौज कोंडली होती) वेढा तपासा, २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलेल्यांत ती होती. १९२२ साली तिचीच ३/५ मराठा (म्हणजे ५ व्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण) झाली, त्यामुळे पुढच्या कागदांत जुना आकडा मिळणार नाही.

उत्तर ३: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या (युद्धात वारलेल्यांच्या कबरी-स्मारकं सांभाळणारी संस्था) यादीत ऑगस्ट १९२१ पर्यंत वारलेलेच आहेत. परतले असतील तर पेन्शनचे कागद धुंडाळा. आणि नंबरानेच शोधा; आडनाव बरेचदा नसतं, स्पेलिंग तर साहेबाच्या कानाला ऐकू आलं तसं!